माझा औदुंबर आणि शकुनचा बांध

शकुन माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल सांगा म्हणता, तर सांगते. पण गोड गोड ऐकायचं असेल तर आताच उठा. भवानीपूरची सगळी मराठी मंडळी तिचं कौतुक करून दमली आहेत. त्यात माझी भर कशाला?

आमचे मामंजी, दिगंबरपंत, खिदिरपूरच्या गोदीत कारकून म्हणून आले आणि कलकत्त्याचेच होऊन राहिले. पुढे साठवलेल्या पैशांतून त्यांनी सोनारपूरच्या पलीकडे एक तलाव विकत घेतला. तलाव कसला, एक मेलेली नदी होती, तिच्या वाकड्या पात्रात कुणा जमीनदारानं आडवा मातीचा बांध घातलेला. चांगला दोन पुरुष उंच. अलीकडे पाणी, पलीकडे कोरडं पात्र. पाण्यात मासे सोडायचे आणि हिवाळ्यात आसपासच्या भाजीवाल्यांना पाणी द्यायचं. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, पण विकायला हरकत नाही, असं मामंजींचं शास्त्र.

दर रविवारी ते बालीगंजहून गाडी पकडून बांध बघायला जायचे. मी नवी नवरी असताना हौसेनं म्हटलं होतं, "मामंजी, मीही येते." तर म्हणाले, "चिखल आहे बाई तिथं." बरं, चिखल तर चिखल. मग काही वर्षांनी अशोकभावजींचं लग्न झालं आणि शकुन घरात आली. तिचे वडील नगरकडे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. पहिल्याच रविवारी ही पदर खोचून मामंजींच्या मागोमाग निघाली. तेव्हा कुठं गेला होता चिखल?

तिथं जाऊन काय करायची, तर बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून वाकून चालायची. खेकड्याचं बीळ दिसलं की त्यात कोपरापर्यंत हात घालायची, मग चिकणमातीचे गोळे कोंबून धुमसानं ठोकून घ्यायची. जादा पाणी वाहून जायच्या सांडव्याच्या तोंडाशी जलपर्णी अडकली की स्वतः बांबूनं ओढून काढायची. बांधावर गुरं चढली तर गुराख्याला बंगालीत असं झापायची, की तो गुरं सोडून पळायचा. आणि घरी आल्यावर जेवताना मामंजींचं आणि तिचं सुरू. "पाझर कसा वाटला गं?" "स्वच्छ आहे मामंजी. स्वच्छ झिरपतंय तोवर काळजी नाही. गढूळ यायला लागलं, म्हणजे बांध आतून वाहून चाललाय." जशी काय घरातल्या आजारी माणसाची विचारपूस! मी आपली भात वाढायची, वरण वाढायची आणि ऐकायची. माझ्या वरणाला कधी कुणी 'कसं झालंय' म्हटलं असेल तर शपथ.

आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाला. माझ्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. पाळणा काही हलला नव्हता. बारशाला मीच सगळं केलं. हसतमुखानं केलं. 

त्या सगळ्या पसाऱ्यात माझं म्हणावं असं एकच होतं. बांधाच्या मधोमध, माथ्यावर, एक औदुंबर आपोआप उगवला होता. आवळीभोजनाला सगळे गेलो होतो, तेव्हा तो मलाच पहिल्यांदा दिसला. या बंगालच्या मातीत, न लावता, औदुंबर! म्हणजे दत्तगुरूंची कृपाच की. मी तिथं दगडी पादुका मांडल्या. दर गुरुवारी गडी सोबत घेऊन जायची, प्रदक्षिणा घालायची. काय मागायची ते काय सांगायला हवं? झाड बघता बघता वाढलं. दत्तजयंतीला मराठी मंडळी डबे घेऊन यायला लागली. 'श्यामलाबाईंचा औदुंबर' म्हणायला लागली. सुंठवडा माझ्या हातून घ्यायची. त्या एका दिवशी शकुन मागं उभी असायची आणि मी पुढं. तीही हात जोडायची, पण तिची नजर देवाकडे नाही, मुळांकडे.

फाळणी झाली आणि सियालदहच्या फलाटावर दिवस काढलेली माणसं जागा शोधत शोधत आमच्या बांधाखाली आली. कोरड्या पात्रात त्यांनी झोपड्या घातल्या. मामंजींनी त्यांना उठवलं नाही. त्यांच्यात पारुल नावाची एक बाई होती, कडेवर एक पोर कायमचं. ती मला बडोबौदी म्हणायची, म्हणजे थोरली वहिनी, आणि शकुनला छोटोबौदी. माझ्या झाडाखाली रोज दिवा लावायची. माझा तिच्यावर जीव होता.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात काळबैशाखीचं मोठं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी शकुन बांधावर जाऊन आली ती पांढरीफटक. औदुंबर एका अंगाला कलला होता, बुंध्याशी माथ्यावर भेग पडली होती. "मामंजी, झाड काढायला हवं," ती म्हणाली. "नुसतं तोडून नाही चालायचं, आत मुळं कुजली की तीच पाण्याची वाट होते. मुळांसकट उकरायचं, खड्डा थराथरानं भरून ठोकायचा. पाऊस लागायच्या आत. खाली माणसं झोपतात."

दत्ताचं झाड तोडायचं म्हटल्यावर मामंजीही धजेनात. मग त्यांनी चक्क माझ्याकडे मान वळवली. "झाड श्यामलाचं आहे. ती म्हणेल तसं."

अहो, बांधाच्या बाबतीत मला कुणी पहिल्यांदा विचारत होतं! आणि शकुन, मामंजींच्या गळ्यातला ताईत, माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, "झाडाला कुणी हात लावायचा नाही." तिनं हात जोडले, "जाऊबाई, अहो, ऐका तरी." मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला बाळ नाही, बांध नाही, माझं एक झाड आहे, तर तेही हिला खुपतं!

गुरुवारी मी गेले. बघते तर बांधाच्या पायथ्याशी बायाबापड्यांची ही गर्दी. औदुंबराच्या बरोबर खाली, बांधाच्या उतारातून बोटभर धार वाहत होती. कुणी शेंदूर वाहिला होता, जास्वंदी वाहिल्या होत्या. पारुल धावत आली. "बडोबौदी, तुमच्या ठाकुरदेवानं पाणी दिलं बघा! तुमच्या भक्तीचं पाणी!" बाया माझ्या पाया पडायला लागल्या. एकीनं आपलं तापानं फणफणलेलं बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं. खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले. मनात म्हटलं, आता ये म्हणावं शकुनला!

पारुलनं काशाच्या वाटीत तीर्थ भरून दिलं. मी तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं, तोंडात घेतलं.

दाताखाली कचकन माती आली.

मी वाटीत पाहिलं. तळाशी पिवळा गाळ बसत होता. असली पिवळी माती त्या आसपास कुठं नाही, ती फक्त बांधाच्या पोटात आहे, मुद्दाम लांबून आणून भरलेली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वरण वाढता वाढता कानांवर पडलेलं. मांडीवर ते बाळ रडत होतं. समोर पारुलचा मुलगा त्या धारेखाली डोकं धरून खिदळत होता, आणि त्याच्या पाठीमागे, जिथवर नजर जाईल तिथवर, झोपड्याच झोपड्या. मी वर पाहिलं. वर माझं झाड, आणि झाडामागं तलावभर पाणी.

घरी येऊन मामंजींना एवढंच म्हटलं, "काढा." शकुनशी बोलले नाही. ती काहीतरी म्हणेल, 'बघा' म्हणेल, म्हणून भांडायच्या तयारीनं बसले होते. ती काही म्हणाली नाही. निदान त्या वेळी तरी टोचून बोलली असती, तर आमचं जमलं असतं.

झाड काढायच्या दिवशी सकाळी ती पदर खोचून माझ्या दारात आली. सांडवा उकरून पाणी आधीच खाली उतरवलं होतं तिनं, मासे गेले तर गेले म्हणून. म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही येऊ नका. खालची माणसं चिडलीयत, देव तोडताहेत म्हणून. मी त्यांना सांगितलंय की झाड मीच काढतेय, बडोबौदींचा विरोध होता. शिव्याशाप काय द्यायचे ते मला देऊ देत. मला मूल आहे, कुशीवरून दिलेले शाप मला लागायचे नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मामंजी हिचे, बांध हिचा, पोर हिचं, आणि आता माझ्या झाडाचे शिव्याशापही हिलाच? मी चप्पल घातली आणि तिच्या आधी बालीगंजला जाऊन गाडीत बसले.

बांधाखाली सगळी वस्ती उभी होती. मी पादुका उचलून मामंजींच्या हातात दिल्या, बुंध्याला हळदकुंकू लावलं, डोकं टेकलं. मग मजुराच्या हातातली कुऱ्हाड ओढून घेतली. शकुन "अहो, अहो" करत धावली. मी बंगालीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "झाड माझं आहे. मी तोडतेय. हिचा काही संबंध नाही." आणि घाव घातला. पांढरा चीक भळाभळा वाहायला लागला.

खालून रडण्याचा एकच गलका उठला. पारुल चढ चढून वर आली. तिचा मुलगा माझ्या पायांशी येऊन उभा राहिला होता, चीक बघायला. तिनं त्याला खसकन ओढलं, माझी सावली पडू नये असा पदराखाली घेतला, आणि म्हणाली, "म्हणूनच देवानं तुझी कूस रिकामी ठेवली."

शकुन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. रडत होती ती. हात पुढं करून म्हणाली, "जाऊबाई, आता तरी द्या माझ्याकडे."

"हो बाजूला," मी म्हटलं, आणि दुसरा घाव घातला.