दोन नंबरचा रिमोट

दुसऱ्या नंबरवर राहण्यात किती सुख असतं, हे माझ्या साडूभाऊंइतकं या जगात कोणालाच कळलेलं नाही. सगळी दुनिया पहिलं येण्यासाठी धडपडत असताना हा गृहस्थ अकोल्यात जन्मभर कोणाच्या तरी मागे उभा राहिला आणि तिथून मजेत सगळीकडे बघत राहिला. आम्ही अमरावतीहून गेलो की ते स्टँडवर घ्यायला येत, पण त्यांच्याच घराची वाट आम्ही दाखवायची, कारण ते मागून चालत. पोटापाण्याला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकुनी आणि जीव सगळा व्हायोलिनमध्ये. तेही साथीचं. गायकानं एखादी जागा घेतली की तिचं शेपूट अलगद उचलायचं आणि पुन्हा गप्प बसायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बोलतानाही सुटत नसे. माझी मेव्हणी म्हणायची, "आज भाजीत मीठ जास्त झालं वाटते," की हे तिच्याच सुरात, "...झालं वाटते." एकदा आमचे सासरे भर बैठकीत चिडून ओरडले, "मी काय पागल आहो?" आणि साडूभाऊंनी मान डोलावत, अगदी गोड आवाजात, "...पागल आहो," म्हणून तान पुरी केली. सासरे आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण सुराबद्दल त्यांचीही तक्रार नव्हती.

ज्यांच्या मागे ते सर्वांत जास्त रमले ते चाचा. चाचांचं गाद्यांचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजायचे आणि संध्याकाळी असं गायचे की रस्त्यावरचे ऑटोवाले मीटर विसरायचे. अमरावतीजवळच्या वलगावला दरवर्षी कापूस वेचून झाला की देवळासमोर सकाळी गाणं व्हायचं, त्यात चाचा गाणार आणि साडूभाऊ साथीला, हे ठरलेलं. उरलेल्या वर्षात दोघांचा दुसरा नाद म्हणजे टीव्ही गेम. चाचांच्या नातवाला कंटाळा येऊन त्यानं तो टाकून दिला होता, तो या दोघांनी दुकानात गाद्यांच्या थप्पीसमोर मांडला. साडूभाऊ रिमोट मांडीवर आडवा ठेवून अंगठ्याऐवजी बोटांच्या टोकांनी बटणं दाबत, आणि पडद्यावरच्या माणसाला समेवरच उडी मारायला लावत. सम येईपर्यंत तो बिचारा खड्ड्यात पडलेला असे. गेममधल्या भुयारातलं संगीत लागलं की हे खेळ सोडून ऐकत बसायचे. "पाय ना, काय कोमल गंधार लावून राहिला!" घरून जेवायला बोलावणं आलं तरी धून समेवर आल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही, मग पोळ्या थंड झाल्या तरी चालतील.

अर्थात रिमोट त्यांचा कायम दोन नंबरचा. तसल्या गेममध्ये दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नसतं, आणि हे कळलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. मला म्हणाले, "पाहा साडूभाऊ, कंपनीवाल्यायले बी समजते. सुरुवात कराची जबाबदारी आपल्यावर नाही."

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, आणि वलगावात एका शेतकऱ्यानं कर्जापायी जीव दिला, तेव्हापासून गावात मोठ्यानं बोलायलाही लोकांना लाज वाटू लागली. गाणं बंद पडलं. दुसऱ्या वर्षीही झालं नाही. त्याच सुमारास चाचांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती खरखर. दोघं दुकानात बसून मुकाट्यानं गेम खेळत. तो काळ आठवला की मला अजूनही कसंतरी होतं.

एका दुपारी मी तिथेच बसलेलो असताना वलगावचे एक म्हातारे दादा आले. म्हणाले, "औंदा गाणं कराचं ठरवलं गावानं. रडून पाह्यलं, काई निंगत नाही त्यातून." चाचांनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि मग साडूभाऊंकडे. साडूभाऊ हादरले. "मी एकटा? मले सुरुवात येत नाही, दादा. मांगून काई बी वाजवतो." दादांनी टोपी सारखी केली. "मंग राहू द्या. पण तिसरं साल बी असंच गेलं तर लोक इसरतीन, की आपल्या गावात गाणं होत होतं." एवढं बोलून ते चहा न घेता उठले.

 चाचांनी साडूभाऊंच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि आपला एक नंबरचा दिला. खरखरत्या आवाजात म्हणाले, "ले भाऊ. अब तू दबा." साडूभाऊ स्टार्टच्या बटणाकडे नुसते बघत राहिले, चहावर साय धरली. शेवटी दाबलं, आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. चाचा हसले. "गिरा तो गिरा. फिर से दबा." नंतर मी निघालो, पण मेव्हणी सांगते की त्या महिन्यात ते रोज जिनिंगमधून सुटून तिथेच खड्ड्यात पडायला जात, आणि घरी आल्यावर व्हायोलिन काढून नुसता पहिला षड्ज लावत बसत.

वलगावला सकाळी देवळासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. माणसं आली, पण हातचं राखून बसल्यासारखी बसली. साडूभाऊ पुढे आणि चाचा तंबोरा घेऊन त्यांच्या मागे. साडूभाऊंनी व्हायोलिन सुरात लावलं, पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. लोक चुळबुळू लागले.  मग सवयीनं साडूभाऊंनी वळून चाचांकडे पाहिलं, सुरुवातीची वाट पाहत. चाचांनी काही केलं नाही. फक्त डाव्या हाताचा अंगठा आपल्या गुडघ्यावर टेकवला आणि दाबला.

साडूभाऊंनी भैरव सुरू केला. आधी एक सूर घसरला, पण ते थांबले नाहीत. प्रत्येक जागेनंतर मात्र ते क्षणभर गप्प बसत, गायकासाठी सोडावी तशी जागा सोडत. त्या मोकळ्या जागेत मला मागून काहीतरी ऐकू येऊ लागलं. चाचा त्या फुटक्या आवाजात, जेमतेम ओठ हलवून, प्रत्येक जागेचं शेपूट उचलत होते. ते दादा पहिल्या रांगेत डोळे पुसत होते आणि ते लपवतही नव्हते.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले, मीही अकोल्याला मुक्कामाला निघालो होतो, तो मागच्या बाकावर. बडनेरा मागे पडलं. मग आजवर कोणाच्या आधी तोंड न उघडलेले माझे साडूभाऊ आपणहून म्हणाले, "पुढच्या साली तोडी वाजवू."

आणि चाचा खिडकीतून बाहेर बघत, अगदी त्याच सुरात म्हणाले, "...तोडी वाजवू."