बालाजीचा राग

जनकाबाईंच्या अंघोळीचं पाणी वडनेर भोलजीत दुसऱ्या कुणाला सोसलं नसतं. बंबातून वाफाळतं पाणी काढायचं आणि त्यात विसण म्हणून गार पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हा त्यांचा हिवाळ्यातला थाट. पहिला तांब्या मानेवर घेताना "बालाजी, बालाजी" म्हणायचं आणि न्हाणीतून निघून थेट पूजेला बसायचं. पंचवीस वर्षं हाच शिरस्ता.

यंदा मात्र बालाजीचं नाव घेतलं आणि डोक्यात कुणीतरी घण घातला. बाई कशाबशा भिंतीला धरून बाहेर आल्या. तासाभरानं ठणका उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काऊन आत्याबाई, डोकं धरून बसल्या?" सून सुचितानं विचारलं.

"काही नाही व. रात्री झोप नाही झाली."

साफ खोटं. कारण बाईंना पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात वावरात बोअर मारताना चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघत होती, तेव्हा त्या नवस बोलल्या होत्या. पाणी लागलं तर जन्मभर वांग्याचं भरीत खाणार नाही! पाणी लागलं. मग थंडीत शेजारच्या विमलबाईंच्या मळ्यात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली. बाईंनी आधी नुसता वास घेतला, मग मीठ बरोबर आहे का ते पाहायला बोटभर चाखलं, आणि पुढं तीन भाकरी कशा गेल्या ते त्यांनाही कळलं नाही. डोकं दुखायला लागलं ते दुसऱ्याच दिवशी. आता याला आणखी पुरावा काय हवा?

मग मनधरणी सुरू झाली. बाईंनी देवापुढं नाक घासलं, शनिवार धरला, हाराची फुलं दुप्पट केली. तांब्यासरशी घण पडायचा तो पडतच राहिला. देवाला आपल्या तोंडचं नावसुद्धा नको झालंय, या विचारानं बाई देव्हाऱ्यापुढं हमसून रडल्या. पूजा आता सुचिताच्या हाती द्यावी, असं त्यांनी ठरवलं. पण का, ते सांगायची लाज वाटत होती.

तेवढ्यात भावकीतले नारायणराव त्र्याण्णवाव्या वर्षी गेले आणि सुतक लागलं. पूजा बंद. सुतकात देवाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हा घरचा दंडक. बाईंना उलट हायसं वाटलं. नाव नाही, म्हणजे शिक्षाही नाही. त्या न्हाणीत गेल्या, ओठ घट्ट मिटले आणि पहिला तांब्या मानेवर ओतला.

घण पडला, नेहमीचाच.

बाई पाटावर बसून राहिल्या. डोकं फुटत होतं तरी चालतही होतं. नाव घेतलंच नाही, तर देव चिडला कशावर?

"सुचिता!" त्या ओरडल्या. "मले दवाखान्यात घेऊन चाल!"

शेगावच्या डॉक्टरांनी बारीक चौकशी केली. दुखतं केव्हा? पाणी अंगावर पडताच. हळूहळू की एकदम? एकदम. इतर वेळी? कधीच नाही. गार पाण्यानं? ते बाईंनी करूनच पाहिलं नव्हतं.

"अंघोळीची डोकेदुखी दिसते," डॉक्टर म्हणाले. "क्वचित होते, पण होते. मात्र असं अचानक डोकं दुखलं की घरी बसायचं नाही, मावशी. आधी स्कॅन करू."

अकोल्याला स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव वगैरे काही निघालं नाही. गोळ्या मिळाल्या, आणि कोमट पाण्यानंच अंघोळ करायचा हुकूम.

"म्हणजे डाक्टर साहेब, देवाचा राग नाही ना?"

"आमच्या मशीनमध्ये तरी दिसला नाही."

सुतक फिटलं. बाईंनी बादलीत चांगलं निम्मं विसण घातलं, भीतभीत तांब्या उचलला आणि बालाजीचं नाव घेतलं. डोकं शांत! आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. तशाच त्या पूजेला बसल्या. देवाला न्हाऊ घातलं, गंध लावलं, फूल वाहिलं. बालाजी रोजच्यासारखाच पाहत होता.

मग हळूहळू बाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे," त्या देवाला म्हणाल्या, "म्या तीन भाकरी भरीत हाणलं, अन् तुह्या ध्यानातबी नाही आलं?"