बूट उतरवायचा हुकूम

सन १९८८. मी चौसष्ट वर्षांचा होतो, लंडनजवळ हॅरोत मुलाकडं राहत होतो. बायको दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी पोटाचं ऑपरेशन. तिनं हट्टच धरला, "गणपतीपुढं डोकं टेकून फूल घेऊन या. तोवर मी टेबलावर चढायची नाही."

अवघड होते ते माझे बूट. लढाईच्या वेळी आमच्या गावानं घरटी एक माणूस फौजेला द्यायचा होता. पाटलानं माझं नाव घातलं, मला कुणी विचारलं नाही. इटलीच्या डोंगरात, चिखलात, आमचा हवालदार म्हणाला, "मी सांगेपर्यंत बूट उतरवायचे नाहीत." थोड्या वेळानं तो गोळी लागून पडला. मग सांगणार कोण? लढाई संपली, पण अंघोळ सोडली तर बूट पायातच. झोपताना बायको पायांखाली गोणपाट घालायची. देवळात मी कधी गेलो नाही. लोक नास्तिक म्हणत. म्हणू देत, हुकूम म्हणजे हुकूम. पण असं का, ते मलाही कधी कळलं नाही.

आपल्या मंडळींनी चर्चचा हॉल घेऊन गणपती बसवला होता. दारात चपलांचा ढीग. बुटाच्या नाडीला हात लावायचो, पुन्हा मागं घ्यायचो. "बाबा, प्लीज, आईसाठी तरी!" म्हणत मुलगा वैतागून आत गेला.

बाकावर एक म्हातारा गोरा चहा पीत होता. माझ्या बुटांकडं बघून म्हणाला, "सोल्जर?"

"येस."

"मी पण. मलाही कुणी विचारलं नव्हतं. बूट काढू नको, असं कोण म्हणालं?"

बुटांबद्दल मी तर काहीच बोललो नव्हतो! "हवालदार," मी म्हणालो.

"कुठं आहे तो?"

"तिथंच राहिला."

त्यानं कप खाली ठेवला, ताठ उभा राहिला आणि कडक आवाजात म्हणाला, "सोल्जर, डिसमिस!"

कवायतीतून सुटायचा तो हुकूम ऐकून माझं अंग आपोआप उजवीकडं वळलं. खाली बसलो, नाड्या सोडल्या. अनवाणी आत गेलो, डोकं टेकलं, फूल घेतलं आणि पोरासारखा रडलो.

बाहेर आलो तर बाक रिकामा. हॉल सांभाळणाऱ्या बाईला विचारलं, तर असा कुणी इथं येतच नाही म्हणाली. येत असेल, नसेल. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, मी काय सांगणार? एवढंच वाटतं, की मी इतकी वर्षं ज्याच्या हुकमाला अडलो, त्याच्याही वरचा कुणीतरी मला सोडवायला आला. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या चपला घालून मी दवाखान्यात गेलो. बायकोनं आधी माझे पाय पाहिले, मग फुलासाठी हात पुढं केला.