बटणचे आठवडे

इस्त्रीवाल्या मावशीला गल्लीत कोणी खळखळून हसताना पाहिलं नव्हतं, आणि रडताना तर नाहीच. गिऱ्हाइकानं डागावरून आकांडतांडव केलं तरी ती "बरं" म्हणायची आणि घडीची तारीफ केली तरी "बरं". समोरची शिलाईवाली म्हणायची, "हिच्यावर वीज पडली ना, तर ही आधी इस्त्रीचा प्लग काढेल, मग बरं म्हणेल आणि मग पडेल."

ती जन्मतःच अशी नव्हती. पूर्वी गल्लीतली एक बाळंतीण गेली, तान्हं मूल मागं राहिलं, बापानं काखा वर केल्या, तेव्हा मावशीनं कोणाला न विचारता ते उचलून आपल्या खोलीत आणलं. विधवा बाई, हातावर पोट. तरी पोरीला दूध पाजलं, चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं. पोर तिला आई म्हणायला लागली आणि मावशीचे पाय जमिनीवर राहिनात. मग एके दिवशी पोरीचा सख्खा काका आला. माणूस भला, बायको प्रेमळ, सगळी कागदपत्रं चोख. झोपलेल्या पोरीला त्यानं खांद्यावर घेतलं आणि नेलं. मावशीनं दार लोटलं आणि उरलेल्या कपड्यांना इस्त्री केली. त्यानंतर तिच्या आत काही हललंच नाही. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल बधिर होतो ना, तसं. हात लावला तर गाल आपलाच, पण कळत काही नाही.

त्यातूनच गल्लीचा नियम निघाला. पुढं कोणतंही पोर उघड्यावर पडलं की मावशी बायकांना जमवून सांगायची, "एकीनं जीव लावायचा नाही. सगळ्यांनी थोडा थोडा लावायचा." पोर आठवडाभर एका घरी राही. रविवारी संध्याकाळी आपलं बोचकं घेऊन पुढच्या घरी जाई. आई कोणाला म्हणायचं नाही, सगळ्या मावश्याच. माझं तुझं करायचं नाही. बायकांना हे मनापासून पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर सोयीचंही होतं. भांडणं नाहीत, कोणा एकीवर भार नाही, आणि पोर गेलं तर दुःखसुद्धा वाटून घेतलेलं.

बटण अशीच आली. तिची आई पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होती. आजारपणानं गेली. बापाचा पत्ता तिलाही कधी लागला नव्हता. पोर एवढीशी, गोल चेहऱ्याची. शिलाईवालीनं बघताक्षणी बटण नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. बटणनं नियम असा अंगी बाणवला की बायकांना कौतुक. कोणाच्या घरी मीठ जास्त, कोणाचा नवरा घोरतो, कोणाकडे पंखा आहे, सगळं तिला पाठ. पण बोलून दाखवायची नाही. विचारलं तर म्हणायची, "सगळ्या मावश्या सारख्या." मावशीच्या आठवड्यात ती कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून झोपायची. झोपेत तिचा हात मावशीच्या पदराकडे यायचा आणि मावशी तो हळूच बाजूला ठेवायची.

शाळेत नाव घालायची वेळ आली आणि बाईंनी विचारलं, पालक कोण? शिलाईवालीनं ऐटीत सांगितलं, "अख्खी गल्ली." शाळेच्या बाई भल्या होत्या, म्हणून त्यांनी वर कळवलं. आठवड्याभरात सरकारच्या बालकल्याण खात्यातल्या बाई गल्लीत हजर. त्याही काही वाईट नव्हत्या. डोळ्यांत तेल घालून बघितलं त्यांनी सगळं, पोर धष्टपुष्ट आहे, स्वच्छ आहे, हेही म्हणाल्या.

"मुलगी कोणाकडे असते?"

"आमच्या सगळ्यांकडे," सगळ्या एका सुरात.

खात्यातल्या बाईंनी बटणला विचारलं, "बाळ, तुझं घर कुठलं?"

"या आठवड्यात शिलाईवाल्या मावशीकडे. पुढच्या आठवड्यात भाजीवाल्या मावशीकडे."

बाईंनी कपाळाला हात लावला. "हे बघा, मला एक माणूस लागतं. कोणी तरी एकीनं म्हणा, ही माझी जबाबदारी."

कोणी पुढं झालं नाही. इच्छा नव्हती असं नाही. शिलाईवालीच्या ओठांवर आलंही होतं. पण पुढं होणं म्हणजे बाकीच्यांना सांगणं, की तुमच्यापेक्षा माझं प्रेम जास्त. एवढ्या वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं, कारण नियम तिचा.

"आमच्यात तसं नसतं," मावशी म्हणाली. आवाजात थोडा अभिमानही होता.

बटणला बालगृहाच्या गाडीत बसवलं. ती रडली नाही. बोचकं मांडीवर घेऊन बसली आणि खिडकीतून हात हलवला. किती शहाणं पोर, असं बायका रात्रीपर्यंत बोलत होत्या. मावशीनं उरलेल्या कपड्यांना इस्त्री केली.

भेटायची परवानगी महिन्यानं मिळाली. मावशी एकटीच गेली. बालगृह नीटनेटकं होतं, पोरांची अंगं भरलेली होती. तिथल्या काळजीवाहू बाईंनी सांगितलं, "गुणी आहे हो. फक्त एक खोड आहे. रविवार आला की कपडे बांधून दारात बसते. आम्ही सोडून ठेवतो, ही पुन्हा बांधते."

बटण आली, शेजारी बसली, आणि तक्रार नाही अशा आवाजात म्हणाली, "मावशी, इथला आठवडा फार मोठा आहे गं. संपतच नाही. माझं काही चुकलं का?"

मावशीच्या पोटात खोल कुठंतरी कळ आली. ती कळ आपलीच आहे हे ओळखायला तिला वेळ लागला. मग असं दुखायला लागलं की तिनं बाक घट्ट धरला. दुसऱ्या हातानं तिनं बटणचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती खात्यातल्या बाईंपुढं उभी राहिली. "मुलगी माझी. माझ्या एकटीची."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मी सगळ्या बायकांना सारखा न्याय देत होते," मावशी म्हणाली. "पोरीला कोणी विचारलंच नाही."

बाईंनी समोरची खुर्ची पुढं केली. चौकशी होईल, वेळ लागेल, खात्री काही देता येत नाही, त्या म्हणाल्या. "आणि उद्या एखादा सख्खा नातेवाईक उभा राहिला तर?"

हा प्रश्न मावशीला बाईंपेक्षा जास्त ठाऊक होता.

"तर रडेन," ती म्हणाली.

पुढच्या भेटीला तिनं बटणला जवळ ओढून सांगितलं. हा आठवडा किती मोठा ते मलाही माहीत नाही. पण हा संपला ना, की मग आठवडे बंद. सुटून यायला मिळालं तर एकच घर.

"कोणाचं?"

"माझं."

बटणनं दाराकडे बघून हळू आवाजात विचारलं, "आणि बाकीच्या मावश्या रागावल्या तर?"

"रागावतील," मावशी म्हणाली.