अहो, रुसलात का?

ऑफिसच्या तळमजल्यावर कँटीन चालवणाऱ्या काकूंचे विनोद इतके टुकार की गिऱ्हाईकं चहा अर्धा टाकून पळायची. हसायचे ते एकटे काका, म्हणजे काकूंचे यजमान. गल्ल्यावर बसल्या बसल्या टेबलावर थाप मारून हसायचे. बाईमाणसाला आणखी काय हवं हो?

आणि हळूहळू काकांनी हसणंच सोडलं. काकूंनी ठेवणीतले विनोद काढले, नवे रचले, छे! तोंडावरची माशी हलेल तर शपथ.

"अहो, रुसलात का?"

"नाही गं."

पण चेहरा ढिम्म! मग काकूही इरेला पेटल्या. बोलणं बंद. एवढ्या बडबड्या बाईला अबोला म्हणजे शिक्षाच, पण धरला नेटाने. त्या अबोल्यातच त्यांना दिसलं, सुटे पैसे देताना काकांचा हात थरथरतोय, चालताना पाय घासतायत. राग गेला चुलीत; काकूंनी त्यांना थेट डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

बाईंनी तपासलं. "पार्किन्सन्स. कंपवात म्हणतात तो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते चिमुकल्या पिशव्यांतून रसायन सोडून. पिशवी रिकामी झाली की तिचं आवरण आत ओढून घ्यायचं आणि पुन्हा भरायचं. काही रुग्णांत हे परत घेणंच बिघडलेलं दिसतं. मग पेशी खंगतात, हालचालीचे निरोप तोकडे पडतात. चेहऱ्याचेसुद्धा."

"म्हणजे कप वरच्या मजल्यावर गेले ते खाली आलेच नाहीत!" काकू उसळल्या. "मग चहा ओतायचा कशात, माझ्या कपाळात?"

"साधारण तसंच. पण सगळ्यांना याच कारणाने होतो, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. गोळ्या देते, बराच आराम पडेल."

काकूंचं लक्ष कुठे गोळ्यांकडे? त्या 'चेहऱ्याचेसुद्धा'वरच अडकलेल्या. बाहेर येताच नवऱ्यावर बरसल्या, "रुसला नव्हतात, तर चेहरा हलत नाही म्हणून सांगायला काय झालं होतं? मी मेली आतल्या आत झुरतेय!"

काका गोंधळले. "अगं, पण मी हसत होतो की. तुझ्या प्रत्येक विनोदाला."

काकूंना भर रस्त्यात रडू फुटलं. डोळे पुसत त्यांनी तिथेच एक विनोद सांगितला, आजवरचा सगळ्यात भिकार. काकांचा चेहरा तसाच.

"हसलो," काकांनी कळवलं.

"किती?"

"पोट दुखेपर्यंत."