राख केव्हा घालायची

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि घनश्याम नव्या वसाहतीत आला. मासेमारीचे लाकडी डोंगे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. धरणावर मासेमारी वाढली तसं त्याच्या लेपाचं नाव झालं. राळ, लाख आणि पळसाची राख. हा लेप लावलेला डोंगा थेंबभर पाणी पीत नसे. पण राख केव्हा घालायची, ते त्यानं कोणाला कळू दिलं नाही. एकदा बायको कुंताबाई चहा घेऊन पडवीत डोकावली, तर त्याच्या हातातला उकळत्या लाखेचा झारा तिच्या मनगटावर बसला.

"येऊ नको म्हनलं होतं न तुले!" एवढं बोलून तो पुन्हा लेप ढवळत बसला.

पेटंटचा अर्ज करताना नागपूरच्या वकील शुभांगीताईंनी बजावलं, "घनश्यामभाऊ, हा सौदा आहे. वाचून दुसऱ्या कारागिराला जमलं पाहिजे, तरच सरकार हक्क देतं. काही लपवू नका."

त्यानं मान डोलावली आणि एवढंच लिहवून घेतलं, 'राख मिसळावी.'

अर्ज जाहीर झाला, तशी एका कंपनीनं हरकत घेतली. सुनावणीत कंपनीच्या माणसानं अर्जाबरहुकूम लेप लावलेली फळी पुढे ठेवली. नख लावताच पापुद्रा सुटला.

"या अर्जावरून लेप बनतच नाही, साहेब."

घनश्याम भडकला. "खोटं हाय! उकळत्यात टाकान तं असंच होईन. कोमट होऊन साय धरू द्या, मंग टाका राख!"

शुभांगीताईंनी त्याची बाही ओढली, पण बोलून झालं होतं.

"हे अर्जात कुठं आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"आत्ता लिहून देतो न."

"अर्जात जे नव्हतं, ते आता घालता येत नाही."

कंपनीचा माणूस खाली मान घालून लिहून घेत होता.

अर्ज फेटाळला गेला. वर्षभरात पवनीच्या बाजारात कंपनीचे डबे आले, सोबत राखेची पुडी. घनश्यामच्या दारी डोंगा यायचा थांबला. कुंताबाईनं भावाच्या डोंग्यासाठी डबा आणला, अंगणात चूल पेटवली आणि डब्यावरचं मोठ्यानं वाचलं, "साय धरल्यावर पुडी घालावी."

"बंद कर वाचनं!"

"काहून? सगळ्यायसाठी छापून हाय." शेजारणी खुदखुदल्या. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "डोंगा उलटा करू लागा. मले एकटीले उचलत नाही."

तो उठला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.