चिमट्यातलं लाल मडकं

वनमाला परब विस्तवाला घाबरायची, आणि तरी तिनं मातीचंच काम धरलं. नऊ वर्षांची असताना स्टोव्हचा भडका उडून तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. दिंडोशीच्या घरात आजही गॅस पेटवतो तो सुबोध, तिचा नवरा.

साकीनाक्याच्या गाळ्यात ती मडकी घडवायची, भाजायचे मात्र धोंडूकाका. सत्तरीला आलेले, तरुणपणी गिरणीत बॉयलरवर होते. भट्टीतून लालबुंद मडकं काढायचं, भुसा आणि मालवणचं वाळकं समुद्री शेवाळ भरलेल्या पिंपात ठेवायचं आणि झाकण लावायचं. धुरानं त्यावर काय नक्षी उठेल, ते आधी कोणालाच सांगता येत नसे. तेवढा वेळ वनमाला दाराबाहेर उभी राहायची.

त्या शुक्रवारी दुपारी शेजारचे गाळे नमाजासाठी बंद होते. काकांनी गॅस बंद केला, भट्टी उघडली, लांब चिमट्यात मडकं धरलं आणि दोन पावलांवर ते मटकन खाली बसले. मडकं घरंगळत नारळाच्या सोडणांच्या पोत्याला टेकलं. पोतं धुमसायला लागलं.

वनमाला दारातच थिजली. भाजलेल्या हाताला जुनी आग जाणवली. पळावं, असंच वाटलं तिला.

"माका चक्कर येता गो," काका कसेबसे म्हणाले. "तूच उचल."

पोत्यातून ज्वाळ निघाली, काकांच्या पायापासून हातभर लांब. वनमालानं चिमटा उचलला. तोंडावर झळ आली, तिनं डोळे मिटले, उघडले. मडकं दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा पकडीत आलं. ते पिंपात टाकून तिनं झाकण लोटलं आणि मातीकामाच्या पाण्याची बादली पोत्यावर उपडी केली. मग काकांना ओढत बाहेर आणलं आणि पायरीवर बसून ती ओकली.

काका सकाळपासून उपाशी होते, साखर उतरली होती. डॉक्टरांनी संध्याकाळी घरी सोडलं.

मडक्याला एका बाजूनं तडा गेला होता. दुसरीवर शेवाळाच्या तपकिरी, निळसर रेघा पसरल्या होत्या. काकांनी ते मागून घेतलं.

आता काका खुर्चीवर बसून, तापल्याचा रंग बघून मडकं कधी काढायचं ते सांगतात आणि चिमटा वनमाला धरते. अजून तिचं तोंड कोरडं पडतं, पकड सुटते. गेल्या महिन्यात दोन मडकी त्यापायीच फुटली. काका ओरडले नाहीत. तिला थोडं पाणी प्यायला सांगून त्यांनी तिसऱ्या मडक्याकडे बोट दाखवलं.